घरबंदीतल्या बारीक कटकटी: मिस्त्री येईपर्यंत घरच्या घरी काय करता येतं (पुणे, एप्रिल २०२०)

अर्धाइंची
करोनामुळे लागलेली टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली आहे. पेठांमध्ये गल्ल्यांच्या तोंडाला पत्रे लागलेत, बोहरी आळी आणि तापकीर गल्लीतली हार्डवेअरची आणि विजेच्या सामानाची दुकानं बंद आहेत, आणि सोसायट्या प्लंबर-वायरमनला फाटकातून आत घ्यायला तयार नाहीत. नळ, मिक्सर, पंखा मात्र त्यांच्या वेळेला बिघडणारच. यातल्या बऱ्याच बिघाडांना मिस्त्री लागतच नाही. काय झिजतं आणि का झिजतं, एवढं कळलं की पुरतं. म्हणून हा धागा. आधी लक्षण लिहा, मग उपाय लिहा, आणि जिथे हात घालू नये तिथे तसं स्पष्ट लिहा.

सुरुवात नळापासून. गळणारा नळ म्हणजे दोन वेगळे आजार. नळ पूर्ण बंद असताना तोंडातून थेंब पडतो, तेव्हा वायसर (आतली रबरी चकती) गेलेला असतो. नळ चालू असताना मुठीखालून, म्हणजे दांड्याच्या बाजूने पाणी झिरपतं, तेव्हा वायसरचा काही संबंध नसतो, तिथलं पॅकिंग गेलेलं असतं.

वायसर बदलायची पद्धत, जुन्या दोन-तीन फेऱ्यांच्या नळासाठी:

त्या लाइनचा कॉक बंद करा. कॉक वर्षानुवर्षं हललेला नसेल तर जोर लावू नका. आधी अर्धा सेंटिमीटर मागे, मग पुढे, असं हलवत हलवत बंद करा. जाम झालेला कॉक मोडला तर सगळ्या इमारतीचं पाणी बंद करावं लागेल. कॉक बंद झाला की नळ उघडून साचलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, स्क्रू तिथेच पडतो. मुठीचा स्क्रू काढून मूठ वर ओढा. खालचा षटकोनी भाग पान्याने डावीकडे फिरवून अख्खा बाहेर काढा, पण दुसऱ्या हाताने नळाचं धड घट्ट धरून ठेवा, नाहीतर भिंतीतला सांधा फिरतो आणि तिथून नवी गळती सुरू होते. खाली पितळी बोंडीला काळा वायसर दिसेल. त्यावर गोल खाच पडलेली असते.

नवा वायसर नसेल तर जुनाच उलटा करून बसवा. मागची बाजू बहुतेक सपाट असते, त्यावर काही आठवडे सहज निघतात. तोही फाटला असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल कापा. ट्यूब पातळ असते, त्यामुळे दोन-तीन थर लागतात. हवाई चपलेचा तळवा वापरू नका, तो मऊ असल्यामुळे चार दिवसांत चेपतो.

आणि नळ बंद करताना आवळू नका. वायसर सगळ्यात जास्त त्यानेच कापला जातो. सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर पाणी जातं.

खडकवासल्याचंपाणी
दांड्याकडून गळत असेल तर वरची नट आधी पाव फेरी आवळून बघा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं तर नट सैल करून दांड्याभोवती टेफ्लॉन टेप पिळून दोऱ्यासारखी करून तीन-चार वेढे द्या आणि नट परत बसवा. टेप नसेल तर सुती दोरा तेलात किंवा व्हॅसलिनमध्ये बुडवून वापरा.

आट्यांवर टेप गुंडाळायची असेल तर आटे तुमच्याकडे तोंड करून धरा आणि घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून गोळा होते आणि गळती तशीच राहते.

पाव वळणाचे जे नवीन नळ असतात त्यांत वायसर नसतोच, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यात वाळूचा कण अडकला तरी थेंब सुरू होतो. आतलं अख्खं कार्ट्रिज काढून पाण्याखाली धरा, आठ-दहा वेळा उघडझाप करा, परत बसवा. चकतीला चरा गेला असेल तर मात्र कार्ट्रिजच बदलावं लागतं.

कोथरूडची माई
स्वयंपाकघरातल्या नळाची धार अचानक बारीक झाली आहे. बाकी नळांना पाणी नीट आहे. हे कशाने?

खडकवासल्याचंपाणी
माई, तोंडाची जाळी तुंबली आहे. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, आणि उन्हाळ्यात टाकीचा तळ ढवळला की वाळूही येते. जाळी हाताने फिरवून निघते. निघत नसेल तर फडकं गुंडाळून पोपट पान्याने धरा, म्हणजे क्रोम खरवडत नाही. जाळीचे भाग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने ताटात मांडून ठेवा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून तासभर बुडवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. व्हिनेगर नसेल तर दोन लिंबांचा रस गरम पाण्यात. शॉवरलाही हाच उपाय. शॉवर निघत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हेच पाणी भरून ती शॉवरला रबरबँडने बांधून ठेवायची.

आटेउलटे
मिक्सरबद्दल लिहितो. सध्या घरातली सगळी माणसं घरात, त्यामुळे मिक्सरवर भार दुप्पट आहे.

लक्षण १: चालता चालता एकदम बंद पडला, अजिबात आवाज नाही. बटण बंद करा, प्लग काढा, भांडं उतरवा. मिक्सर आडवा केला की तळाला एक छोटं लाल बटण दिसेल. भार जास्त झाल्यावर तेच मोटर वाचवतं. मोटर गार व्हायला दहा मिनिटं द्या, मग लाल बटण आत दाबा. दाबूनही परत परत बाहेर येत असेल तर भांड्यातला माल कमी करा. ओलं वाटण अर्ध्या भांड्याच्या वर घेऊ नका. आंबोळीचं किंवा इडलीचं पीठ एका दमात वाटू नका. प्रत्येक कंपनी किती मिनिटं चालू आणि किती मिनिटं बंद हे मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात देते, ते बघून थांबा.

लक्षण २: मोटर फिरते, घर्रर्र आवाज येतो, पण पातं फिरत नाही. कपलरचे, म्हणजे मोटर आणि पातं जोडणाऱ्या चकतीचे, दात गेलेत. कपलर एक मोटरवर असतो आणि एक भांड्याखाली. ज्याचे दात गोल झालेत तोच बदलायचा. मोटरवरचा काढताना बरेच जण उलटीकडे जोर लावून मोडतात, म्हणून नीट वाचा: मोटर ज्या दिशेला फिरते, त्याच दिशेला कपलर फिरवला की तो सुटतो. चालताना भाराने तो आपोआप आवळत राहावा म्हणून आटे तसेच काढलेले असतात. दिशा माहीत नसेल तर भांडं न लावता क्षणभर चालू करून बघा, मग प्लग काढूनच हात लावा. फिरवताना मोटरचा दांडा धरून ठेवावा लागतो. काही मिक्सरांत दांड्याच्या खालच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच असते, काहींत तळाचं झाकण काढून आतला पंखा धरावा लागतो.

लक्षण ३: भांड्याच्या तळातून काळपट पाणी. पात्याचं बुश आणि सील झिजलंय. त्या भांड्यात खायचं काही वाटू नका. घरात त्याच मापाचं दुसरं भांडं असेल तर तेच वापरा.

लक्षण ४: पातं जाम. भांड्यात कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग खालून कपलर हाताने हलवा. सुटलं की दांड्याच्या मुळाशी खायच्या तेलाचे दोन थेंब. जाम पातं मोटरच्या जोरावर सोडवायला जाऊ नका, लाल बटण उडेल किंवा कपलरचे दात जातील.

आत ठिणग्या दिसणं आणि जळका वास म्हणजे कार्बन ब्रश किंवा वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी). तिथे थांबा.

दुसरीशिट्टी
कुकर. इथे चुकीला माफी नाही, म्हणून सविस्तर.

बाजूने वाफ जाते आणि शिट्टी होत नाही. रिंग कडक झाली किंवा सैल पडली आहे. फ्रीजरमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवून लगेच लावा, थोडी आकसते आणि त्या वेळेपुरतं काम होतं. हा उपाय आठवडाभर चालेल, महिनाभर नाही. रिंगेला चीर असेल तर तोही करू नका, झाकण ठेवून साध्या पातेल्यात शिजवा. तूरडाळ दोन तास भिजवली तर पातेल्यातही चांगली शिजते, गॅस थोडा जास्त जातो एवढंच.

बाजूने वाफ जात नाही, तरी शिट्टी होत नाही आणि कुकर नुसता धुमसतोय. हे जास्त धोक्याचं. गॅस बंद करा आणि कुकर आपोआप गार होऊ द्या. झाकण निघालं की शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा. डाळीचं साल किंवा भाताचं शीत अडकलेलं असतं. तारेने मोकळी करा, खालून पाणी सोडा. डाळ किंवा तांदूळ अर्ध्या कुकरच्या वर कधी भरू नका, इतर पदार्थ दोन तृतीयांशापर्यंत. थेट कुकरमध्ये डाळ लावताना चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो आणि नळी तुंबत नाही.

झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कुकरचा नवा व्हॉल्व्ह मिळेपर्यंत कुकर बंद. त्या भोकात एम-सील, खिळा, स्क्रू, कापसाची गोळी, काहीही भरायचं नाही. पाणी आटून तापमान वाढलं की तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. ती वाट बुजवली तर वाफ झाकण घेऊन जाते.

शेगडीजवळ
कुकरच्या जोडीने शेगडी. ज्योत पिवळी आणि भांड्याचा तळ काळा होतोय, म्हणजे गॅसमध्ये हवा कमी मिसळते आहे. बर्नरच्या टोप्या काढा आणि कडक पाणी, भांड्यांचा साबण आणि चमचाभर खायचा सोडा यात अर्धा तास ठेवा. भोकं सुईने मोकळी करा, मग टोप्या पूर्ण वाळवा. ओली टोपी लावली तर ज्योत फडफडते आणि साफ करूनही काही झालं नाही असं वाटतं. टोपीखालची बर्नरची नळीही बघा, उतू गेलेल्या दुधाचा थर आणि कोळिष्टकं तिथे बसतात. बाटली धुण्याचा ब्रश आत जातो.

नळीच्या तोंडाशी पितळेचा जेट असतो, त्याला सुई घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची पिवळी राहते.

रबरी नळीवर छापलेली तारीख आज बघून ठेवा. सुरक्षा नळीची मुदत ५ वर्षांची असते. गळतीचा संशय असेल तर साबणाचा फेस सांध्यांवर लावा, बुडबुडे फुगले तर गळती. काडी ओढून बघणं नको, दिव्याचं बटणही दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, सिलिंडरला टोपी लावा. गॅसगळतीचा आपत्कालीन क्रमांक १९०६, तो टाळेबंदीतही चालू आहे.

आणखी एक, या दिवसांपुरतं. सॅनिटायझर अल्कोहोलचा असतो. हाताला लावून ते पूर्ण सुकायच्या आत शेगडी पेटवू नका. स्वयंपाकघरात साबण आणि पाणीच बरं.

सिंहगडरोड
बेडरूममधला पंखा काठीने ढकलल्यावरच फिरतो आणि मग हळू फिरतो. एप्रिलचं ऊन बघता हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. नुसता आवाज येतो, हलत नाही.

वायरमनकाका
आधी पंखा बंद करून हाताने पातं फिरवून बघा. अलगद फिरत राहिलं तर कपॅसिटर गेलाय. अडखळत थांबलं तर बेअरिंग, ते घरी होणार नाही.

कपॅसिटर बदलणं अवघड नाही, पण तुम्ही विजेचं काम यापूर्वी केलं असेल तरच. बटण बंद करून भागत नाही, त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला वीज तोडणारा खटका) पाडा. जुन्या वाड्यांच्या आणि जुन्या इमारतींच्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण न्यूट्रलवर असतं, म्हणजे बटण बंद असूनही पंख्यात करंट राहतो. टेस्टरने खात्री करा. दांड्यावरचा वरचा किंवा खालचा कप सैल केला की पांढरी किंवा काळी डबी दिसेल, तोच कपॅसिटर, तिला दोन वायर. वायरींचा फोटो काढा. सुट्या केल्यावर प्लास्टिकची मूठ असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, आत साठलेला करंट जातो. त्या दोन वायरींना उलट-सुलट नसतं, कोणतीही कुठेही चालते.

घरच्या छतपंख्यांत बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा असतो, डबीवर लिहिलेलं असतं. जो आकडा आहे तोच घ्या. मोठा आकडा लावून पंखा जोरात पळवायचा सल्ला कुणी देईल, त्याने वायंडिंग तापतं. दुकानं उघडेपर्यंत घरातल्या कमी वापराच्या पंख्याचा कपॅसिटर काढून लावता येतो, आकडा जुळत असेल तर.

स्टुलावर चढताना खाली एक माणूस हवाच. सध्या पडून रुग्णालयात जाण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आणि पातं फिरवून बघतानाच त्याची वरची बाजूही पुसा. तिथे धुळीचा थर बसला की वारा कमी लागतो आणि पंखा बिघडला असं वाटतं.

कोथरूडची माई
सिंकबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. तुंबलेल्या सिंकमध्ये ॲसिड ओतू नका. खाली जी पांढरी प्लास्टिकची वाटी असते, बॉटल ट्रॅप, ती हाताने फिरवून निघते. खाली बादली ठेवा, हातमोजे घाला, वाटी काढा. भाताचा आणि तेलाचा गोळा तिथेच सापडतो. परत बसवताना आतली रबरी रिंग आपल्या खाचेत बसली आहे ना ते बघा, ती तिरकी झाली की रात्रभर गळतं. उकळतं पाणी थेट ओतायचं नाही, पीव्हीसी पाइप मऊ पडतो. हाताला सोसेल एवढं गरम पुरतं.

आता ज्यासाठी जीव तुटतो ते. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका. एकावर दुसरं ओतूही नका. क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि बंद बाथरूममध्ये तो फार वाईट. सध्या घरोघरी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, आलंय, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते. १ टक्का द्रावण हवं असेल तर बाटलीवरचा आकडा बघा: ४ टक्के असेल तर एका भागाला तीन भाग पाणी, ५ टक्के असेल तर चार भाग. पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्या. धातूच्या कड्या-कुलपांना ते लावू नका, गंज चढतो. तिथे अल्कोहोल. द्रावण रोजच्या रोज ताजं करा आणि पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. भाज्यांवर साबण, ब्लीच, सॅनिटायझर काहीही नको, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

मैद्याचाडबा
दुरुस्तीच्या धाग्यात पावाचं लिहू का? यीस्ट कुठेच मिळत नाहीये आणि बेकऱ्यांचा नेम नाही, म्हणजे तीही कटकटच.

अर्धाइंची
लिहा की. घरात अडतंय ते सगळं इथे चालेल.

मैद्याचाडबा
नेहमीचं प्रमाण: मैदा २५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ छोटा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, साखर २ छोटे चमचे, लोणी किंवा तेल २० ग्रॅम, पाणी १५० ते १६० मिलिलिटर. यीस्ट कमी असेल तर पाव चमचाच घ्या आणि वेळ वाढवा. रात्री नऊला मळा, झाकून ओट्यावर ठेवा, पहाटे सहाच्या सुमारास पीठ दुप्पट झालेलं असेल. मे महिन्याच्या गरम रात्री हे सहा-सात तासांतच होतं, त्यामुळे मळणं उशिरा करा किंवा गार पाणी वापरा. अशाने एका छोट्या पाकिटात चौपट पाव होतात, आणि वासही जास्त चांगला येतो.

मळणं दहा-बारा मिनिटं. पिठाचा छोटा तुकडा बोटांनी ताणल्यावर फाटण्याआधी पडद्यासारखा पातळ झाला पाहिजे. पीठ हाताला चिकटतंय म्हणून कोरडा मैदा घालत गेलात की पाव दुसऱ्या दिवशी दगड होतो. हाताला तेल लावा आणि मळत राहा. मग साधारण ४८ ग्रॅमचे नऊ गोळे, सात इंची चौकोनी डब्यात एकमेकांना जवळजवळ टेकवून. पुन्हा फुगू द्या. कमी यीस्टला दीड तास लागतो. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की तयार.

यीस्ट जिवंत आहे का ते आधी तपासा: अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला नाही तर मैदा वाया घालवू नका. पाणी मनगटावर जेमतेम कोमट लागलं पाहिजे, कडक पाण्यात यीस्ट मरतं. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रीजरमध्ये.

सिंहगडरोड
ओव्हन नाही. कुकरमध्ये रिंग आणि शिट्टी काढून भाजतात ना?

दुसरीशिट्टी
नका करू. पाण्याशिवाय कुकर तापला की झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो, तो त्यासाठीच आहे. पाव होईल, पण पुढची डाळ अडेल, आणि सध्या नवा व्हॉल्व्ह मिळत नाही.

मैद्याचाडबा
बरोबर. जाड बुडाची लोखंडी कढई घ्या, वर सपाट जड झाकण. नॉनस्टिक नको, रिकामं तापलं की त्याच्या थरातून वाईट धूर निघतो. कढईत तिवई ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग डबा ठेवून मंद ते मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं. झाकणाला आतून फडकं बांधलं की वाफेचे थेंब पावावर पडत नाहीत, मात्र फडक्याची टोकं झाकणावर गाठ मारून ठेवा, आचेकडे लोंबू देऊ नका. वरून रंग येणार नाही, कारण आच खालूनच आहे. पाव निघाले की लोणी लावलेल्या तव्यावर पालथे घालून एक मिनिट. गरम असतानाच सुती कापडाखाली झाका, साल मऊ राहते.

सुईदोरा
मास्क शिवताना इलास्टिक संपलंय अशी सगळ्यांची तक्रार दिसते. जुना बनियन किंवा टी-शर्ट घ्या, आडवी एक इंच रुंद आणि आठ इंच लांब पट्टी कापा, दोन्ही टोकं धरून ताणा. होजियरीचं कापड आपोआप गुंडाळून गोल दोरी होते, कानाला इलास्टिकपेक्षा मऊ लागते. उभी कापली तर ताणत नाही, हे लक्षात ठेवा.

मास्कचं कापड दाट विणीचं सुती, तीन थर, ९ इंच बाय ७ इंच. शिवण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटतं. तीन चुण्या, सगळ्या खाली तोंड करून, म्हणजे धूळ त्यात साचत नाही. चुण्या पडल्यावर उंची साडेतीन इंच राहिली पाहिजे. नाकाजवळ पाकिटाची प्लास्टिकची तार घालायची असेल तर तिची टोकं आत दुमडा, टोचतात.

सोंगटी
मुलं घरात, म्हणजे कॅरम बाहेर आले असतील. बोरिक पावडर संपली तर टाल्कम पावडर टाकू नका. हाताच्या घामाने ती चिकट होते आणि दोन दिवसांत बोर्ड ओढायला लागतो. कोरडं कॉर्नफ्लॉवर चिमूटभर चालतं, फक्त खेळ झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पूर्ण पुसायचं, नाहीतर मुंग्या येतात. ओलं फडकं अजिबात नाही. बोरिक पावडर असेल तर लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही असं बघा आणि खेळून झाल्यावर हात धुवायला लावा.

बोर्ड पलंगावर ठेवून खेळू नका, गादीवर तो तिरका बसतो. चार सारख्या उंचीच्या आधारांवर ठेवा. समतल आहे का ते बघायला स्ट्रायकर उभा करून मधोमध सोडा, ज्या बाजूला घरंगळेल ती बाजू खाली आहे. तिथल्या आधाराखाली दुमडलेला कागद. सोंगट्या नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी. एखादी हरवली असेल तर बाटलीचं झाकण लावू नका, वजन वेगळं पडतं. दोन्ही रंगांची एकेक कमी करून खेळा. पावसाळा लागला की बोर्ड भिंतीला टेकवून उभा ठेवायचा नाही, फळी वाकते. पलंगाखाली आडवा ठेवा.

वायरमनकाका
घरी केस कापणाऱ्यांसाठी एवढंच: ट्रिमरच्या कंगव्यावरचे आकडे म्हणजे मिलिमीटरच असं नाही. बऱ्याच ट्रिमरांत १ म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ४ म्हणजे साधारण १३. आधी मोठा लावा. केस कोरडे हवेत, ओले केस ताणले जातात आणि वाळल्यावर आखूड दिसतात. पात्यावर तेलाचा एक थेंब, नाहीतर केस ओढले जातात.

सिंहगडरोड
काका, कपॅसिटर बदलला, पंखा चालू झाला. आता नळ. वायसर उलटा केला, मग ट्यूबचाही लावून बघितला, तरी रात्रभर थेंब पडतोच.

अर्धाइंची
मग वायसर जिथे टेकतो ती पितळी कडा खाल्ली गेली आहे. कॉक बंद ठेवून नळ परत खोला आणि बोट आत घालून कडेवरून फिरवा, खरखर किंवा खाच लागेल. ती कडा घासून सपाट करायचं हत्यार प्लंबरकडे असतं. घरी कानस चालवू नका, एका बाजूला जास्त घासली जाते आणि मग कोणताच वायसर बसत नाही. तोपर्यंत त्या लाइनचा कॉक रात्रीपुरता बंद ठेवा. तो बंद करता येत नसेल तर नळाच्या तोंडाला जाड सुती दोरा बांधून त्याचं टोक बादलीच्या तळापर्यंत सोडा. पाणी दोऱ्यावरून उतरतं, थेंबाचा आवाज येत नाही. सकाळी तेच पाणी कुंड्यांना घाला.